रुपयाने मोजलेला कोळसा

व्याख्यानमालांच्या हंगामात एक तक्ता हमखास पडद्यावर येतो. डावीकडे ब्रिटन, उजवीकडे भारत. २०२३ सालचं दोन्ही देशांचं सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे आपला रोजच्या बातम्यांतला जीडीपी, डॉलरमध्ये जवळपास सारखं: साडेतीन लाख कोटींच्या आसपास. मग ऊर्जेचे खांब उभे राहतात. भारताचा खांब ब्रिटनच्या पाचपटीहून उंच. वक्ता क्षणभर थांबतो, सभागृह चुकचुकतं आणि निकाल लागतो: जेवढ्या कमाईला त्यांना एक पोतं कोळसा पुरतो, तेवढ्याच कमाईला आपल्याला पाच लागतात. आपण उधळे, गबाळे आणि यंत्रांच्या बाबतीत अडाणी. प्रश्नोत्तरांत कुणीतरी उठून ‘जपानकडून शिकलं पाहिजे’ म्हणतं आणि चहा येतो.

हा युक्तिवाद करणारी माणसं अडाणी नसतात. आकडे खरे असतात, भागाकारही बरोबर असतो. देशाने वर्षभरात वापरलेली सगळी ऊर्जा भागिले देशाचं उत्पन्न. या भागाकाराला ‘ऊर्जातीव्रता’ असं भारदस्त नाव आहे. माझं भांडण त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. हा आकडा काटकसर मोजतो, असं गृहीत धरलं जातं. तो काटकसर फारच थोडी मोजतो. देश काय बनवतो, ते कोणत्या भावाने विकलं जातं आणि धूर कुणाच्या वहीत लिहिला जातो, या तीन गोष्टी तो त्याहून कितीतरी जास्त मोजतो.

त्या चहापासूनच सुरुवात करू. पुण्यातल्या एखाद्या अमृततुल्यात आलं ठेचून, दूध घालून, आधण उतू जाईपर्यंत उकळलेला चहा दहा-पंधरा रुपयांना मिळतो. लंडनमध्ये कपाला साधारण तीन पौंड पडतात, म्हणजे तीनशे रुपयांच्या वर. (पिशवी बुडवलेल्या गरम पाण्याला चहा म्हणायचं की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवतो.) दोन्हीकडे पाणी शंभर अंशांनाच उकळतं. आपल्या चहावाल्याचा गॅस थोडा जास्त जळत असेल. दुप्पट धरा, हवं तर तिप्पट धरा. पण विनिमय दराने हिशेब केला की पुण्याचा चहावाला रुपयामागे कित्येक पटींनी ‘उधळा’ ठरतो. त्याचा गुन्हा एवढाच की तो स्वस्तात चहा विकतो. न्हावी, शिंपी, रिक्षावाला, गल्लीतला डॉक्टर या सगळ्यांना हाच न्याय लागतो. गरीब देशात सेवा स्वस्त असतात, म्हणून भागाकारातला खालचा आकडा लहान राहतो आणि उत्तर फुगतं.

अर्थशास्त्रज्ञांना हे ठाऊक नाही असं नाही. त्यासाठी त्यांनी क्रयशक्ती समानतेचा हिशेब काढला: रुपयाने इथे जे खरंच विकत मिळतं, त्यावरून उत्पन्न मोजायचं. तसं मोजलं की भारताचा जीडीपी सुमारे चौपट होतो आणि ब्रिटनशी असलेली पाचपटीची दरी दीडपटीच्या आसपास येते. जगाच्या सरासरीशी तुलना केली, तर आपण जवळपास तिच्यापाशीच, किंबहुना किंचित खाली आहोत. चीन आणि रशियापेक्षा बरेच खाली. म्हणजे सभागृहाचं बहुतेक चुकचुकणं डॉलरच्या भावाबद्दल होतं. आणखी एक खांब त्या पडद्यावर कधीच नसतो: माणशी ऊर्जा. ब्रिटनची लोकसंख्या पावणेसात कोटी, आपली १४३ कोटी. सरासरी भारतीय माणूस सरासरी ब्रिटिश माणसाच्या पाव हिश्शाएवढी ऊर्जा वापरतो. पाव हिश्शात घर चालवणाऱ्याला उधळा म्हणायला धाडस लागतं.

उरलेल्या दीडपटीचं काय, असं कुणी म्हणेल. त्यासाठी इचलकरंजीला जाऊ.

तिथे ‘खर्चीवाला’ यंत्रमागधारक नावाचा एक वर्ग आहे. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. माग, शेड, कामगार आणि विजेचं बिल मात्र याचं. त्याला मिळते ती विणण्याची मजुरी, आणि ती ठरते पिकावर. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसलेले आडवे धागे. ५२ पिकाच्या कापडाला पिकामागे इतके पैसे, असा भाव बाजार ठरवतो आणि मंदी आली की तो भाव घसरतो. माग तोच, मीटर तेवढंच, वीजही तेवढीच. चालू किमतींनी मोजलं तर मात्र त्या शेडची ऊर्जातीव्रता मंदीत वाढते आणि तेजीत सुधारते. मागाला तेल घातलं की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पुढे त्याच कापडाचा शर्ट होऊन युरोपातल्या एखाद्या दुकानात काचेआड लागतो तेव्हा त्याच्या किमतीत काय काय शिरतं? दुकानाचं भाडं, जाहिरात, नाममुद्रेचा मान, डिझायनरचा पगार. हे सगळं मूल्य तिथल्या जीडीपीत जमा होतं आणि त्याला लागणारी ऊर्जा म्हणजे थोडे दिवे आणि एक वातानुकूलन यंत्र. कातणं, सायझिंग, विणणं, रंगवणं, म्हणजे जिथे बॉयलर पेटतो आणि मोटारी फिरतात ती सगळी कामं आपल्या खात्यात. पंगतीत कुणाच्या वाट्याला भांडी घासणं आलं आणि कुणाच्या वाट्याला आग्रह करून वाढणं. मग पाणी जास्त कुणी सांडलं, असं विचारायचं.

कापडाचं उदाहरण फार विखुरलेलं वाटत असेल, तर एक उदाहरण तारीखवार देतो. ३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन गोष्टी बंद झाल्या. रॅटक्लिफचं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र थंड झालं आणि वेल्समधल्या पोर्ट टालबोटची उरलेली झोतभट्टी विझली. पहिल्या घटनेबद्दल ब्रिटनचं अभिनंदन करायला माझी हरकत नाही. दुसरी जरा नीट पाहू. पोर्ट टालबोटचा पोलादकारखाना टाटा स्टीलचा. २००७ साली कोरस कंपनी घेतली तेव्हा तो टाटांकडे आला. भट्टी विझली त्याच महिन्यात याच कंपनीने ओडिशातल्या कलिंगनगरात देशातली सर्वांत मोठी म्हणवली जाणारी झोतभट्टी पेटवली. त्या कारखान्याची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून ८० लाख टनांवर जाणार. आणि वेल्समध्ये नवी विद्युत भट्टी उभी राहीपर्यंत तिथल्या रोलिंग मिल चालाव्यात म्हणून पोलादाच्या लाद्या बाहेरून, त्यात भारतातूनही, आणायची सोय झाली.

आता त्या सप्टेंबरानंतरची ब्रिटनची ऊर्जातीव्रता काढा. सुधारलेली दिसेल. भारताची काढा. कलिंगनगराच्या वाट्यापुरती बिघडलेली दिसेल. पोलाद तेच, मालक तोच, पृथ्वीवर जळलेला कोकही थोड्याफार फरकाने तेवढाच. एका घराने चूल शेजारच्याच्या अंगणात मांडली आणि आपल्या भिंतींवर काजळी नाही म्हणून मिरवलं, तर आळीत लोक काय म्हणतील? ब्रिटनची सगळीच घट अशी उसनवारीची आहे, असं मी म्हणत नाही. तिथल्या घरांना चांगले बॉयलर आले, गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या, हे खरंच आहे. पण खरी काटकसर किती आणि स्थलांतर किती, हे सांगायची ताकद त्या एका आकड्यात नाही, आणि वक्ता तोच एक आकडा दाखवून निघून जातो.

इथे हुशार प्रतिपक्षी पवित्रा बदलतो. ‘देशादेशांची तुलना सोडा. एकाच देशाचा आकडा वर्षानुवर्षं पाहिला तर तो खरं बोलतो ना?’ वरवर पाहता पटण्यासारखं आहे. पण भागाकारातले दोन्ही आकडे कसे तयार होतात ते पाहिलं की हाही भरवसा डळमळतो.

वरचा आकडा घेऊ, ऊर्जेचा. १ मे २०१६ रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी आली. लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीत जळणातल्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकीची स्वयंपाकघर आणि बाईची फुप्फुसं तापवते. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त उष्णता कामी येते. सरपण मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय हिशेबात या बदलाने भारताचा ऊर्जावापर घटतो. फक्त विकत घेतलेलं इंधन मोजणाऱ्या हिशेबात तोच वापर वाढतो, कारण रानातून वेचून आणलेलं लाकूड त्या वहीत कधी नव्हतंच. एकाच स्वयंपाकघरातली एकच घटना एका तक्त्यात प्रगती आणि दुसऱ्यात अधोगती. वक्त्याने कोणता तक्ता आणला यावर सभागृहाचं चुकचुकणं ठरणार.

विजेची गंमत तर याहून मोठी. कोळशाच्या केंद्रात एक युनिट वीज काढायला तीनेक युनिटांची उष्णता जाळावी लागते आणि हिशेबात ती तीन धरतात. सौरपट्टीवरची किंवा कोयनेच्या पाण्यावरची वीज मात्र आंतरराष्ट्रीय पद्धतीत जेवढ्यास तेवढी, एकास एक धरली जाते. म्हणजे कोळशाच्या जागी सूर्य आला की घरातला पंखा तेवढाच फिरत असूनही कागदावरची ऊर्जा तिसऱ्या हिश्शावर येते. सौरऊर्जा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण पंखा जुना, खडखडणारा आणि विजेचा अधाशी असला तरी तो ‘कार्यक्षम’ झाल्याचं श्रेय मिळतं, त्याचं काय करायचं? उलट आइसलँड पाहा. तिथे जमिनीखालच्या वाफेवर वीज काढतात आणि त्याच पद्धतीत अशा एका युनिटामागे दहा युनिटं ऊर्जा धरतात. वर तिथली बहुतेक वीज अॅल्युमिनियमच्या कारखान्यांना जाते. एक टन अॅल्युमिनियमला सुमारे चौदा हजार युनिटं लागतात. परिणामी श्रीमंत देशांत आइसलँडचा आकडा भयंकर दिसतो. ज्या वाफेला धूर नाही आणि जिच्यासाठी बोटभर कोळसा लागत नाही, तिच्यासाठी त्यांनी मान खाली घालायची!

खालच्या आकड्याची तऱ्हा आयर्लंडने दाखवली. २०१५ साली आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. तेवढे नवे कारखाने उभे राहिले नव्हते. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कर वाचवायला आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली होती. त्या वर्षी आयर्लंडची ऊर्जातीव्रता इतकी सुधारली की ऊर्जाबचतीच्या कोणत्याही मोहिमेने हेवा करावा, आणि त्यासाठी डब्लिनमध्ये एक दिवासुद्धा लवकर विझवावा लागला नाही. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये जीडीपीची नवी मालिका आली आणि २०१३-१४ चा वाढीचा दर ४.७ टक्क्यांवरून ६.९ टक्के झाला. त्या वर्षात जळलेला कोळसा जळून गेलेला होता. तो काही बदलला नाही. ऊर्जातीव्रतेची घसरण मात्र मागे जाऊन वेगवान झाली.

आतापर्यंत जे माना डोलावत होते, त्यांतले काही इथे थांबतील, कारण आता आपल्याच सरकारची पाळी. परक्याने आकडा मारला तर तो चुकीचा आणि आपण मिरवला तर बरोबर, असं चालणार नाही. आपला तो बाब्या ही सवय हिशेबात तरी सोडायला हवी.

२०१५ साली पॅरिस परिषदेआधी भारताने शब्द दिला: २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीच्या एककामागचं उत्सर्जन ३३ ते ३५ टक्क्यांनी घटवू. ऊर्जातीव्रतेचीच ही धाकटी बहीण. ऑगस्ट २०२२ मध्ये तो आकडा ४५ टक्के केला. मग संयुक्त राष्ट्रांना कळवलं गेलं की २०२० पर्यंतच ३६ टक्के घट झालीसुद्धा. ढोल वाजले. पंधरा वर्षांनी गाठायचं ठिकाण पाचच वर्षांत आलं, तर आपण फार वेगाने धावलो असं म्हणता येईल किंवा ठिकाण फार जवळ धरलं होतं असंही म्हणता येईल. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. २००५ पासून २०२० पर्यंत देशाचं एकूण उत्सर्जन वाढलंच. विकसनशील देशाचं ते वाढणारच, त्यात लाज नाही. पण हिंजवडीतली एखादी कंपनी परदेशी बँकेचं सॉफ्टवेअर लिहून कमावते तेव्हा देशाचा भाजक वाढतो आणि सोलापूरच्या विहिरीवरचा पंप तेवढीच वीज पीत असूनही देश काटकसरी ठरतो. हे धोरणाचं यश म्हणून खपवणं म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाच्या पगारावर आपल्या घरचं कर्ज फिटल्याचं सांगणं.

ही युक्ती आपण शोधलेली नाही. क्योटो करार झिडकारल्यावर फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष धाकटे बुश यांनी हेच केलं होतं: दहा वर्षांत उत्सर्जनाची तीव्रता १८ टक्क्यांनी घटवू. आधीच्या दशकात ती जवळजवळ तेवढी आपसूक घटलीच होती. तेव्हा आपल्याकडच्या पर्यावरणवाद्यांनी त्या घोषणेची यथेच्छ टर उडवली. टर योग्यच होती.

आकड्यालाच उद्दिष्ट केलं की काय होतं, ते चीनने सर्वांत स्पष्ट दाखवलं. २००६ ते २०१० च्या पंचवार्षिक योजनेत ऊर्जातीव्रता २० टक्क्यांनी घटवायचं फर्मान निघालं आणि प्रत्येक प्रांताला वाटा नेमून दिला. शेवटचं वर्ष संपत आलं तशी अधिकाऱ्यांची पळापळ झाली. हबेई प्रांतातल्या आनपिंगमध्ये घरांची, अगदी दवाखान्यांचीही वीज पाळीपाळीने तोडली गेली. कारखान्यांनी डिझेलची जनित्रं लावली, डिझेलचा तुटवडा पडला, धूर वाढला. देशाचा अंतिम आकडा आला १९.१ टक्के. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्राने हे सगळं विनाफर्मान अनुभवलं आहे; फरक एवढाच की इन्व्हर्टर आणि जनरेटर विकत घेताना आपण ऊर्जातीव्रता सुधारतो आहोत, असं आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

‘म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं,’ असं आता ऐकू येईल. ‘भारतात उधळपट्टी होतच नाही म्हणायचं का?’ होते. भरपूर होते. ती पाहायला डॉलर-पौंडाचा तक्ता लागत नाही, एखाद्या रात्री शेतावर जावं लागतं.

महाराष्ट्रात शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री बारा वाजता उठून मोटार चालू करायला कोण जाईल? म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच बसवतात. वीज आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, रोहित्रावर ताण येतो, दाब पडतो, डीपी जळते. कमी दाबाने मोटारही जळते, ती रिवाइंड होऊन परत बसते, पुन्हा जळते आणि प्रत्येक फेरीत थोडी जास्त वीज खाऊ लागते. दाब सावरायला कपॅसिटर बसवा म्हणून महावितरण सांगत राहतं. पाणी खोल गेलं की पाच अश्वशक्तीची मोटार काढून साडेसातची टाकतात. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याच्या खिशाला तो दिलासाच आहे, पण चांगला पंप घ्यायचं जे एक कारण उरलं होतं तेही गेलं. कित्येक पंपांना मीटर नाही, त्यांचा वापर अंदाजाने धरतात आणि त्या अंदाजात वितरणातली गळती दडवली जाते, हा आक्षेप जुना आहे.

या सगळ्यातलं राष्ट्रीय ऊर्जातीव्रतेच्या आकड्यात काय दिसतं? काही नाही. तो वर्षागणिक सुधारतोच आहे. माझी खरी तक्रार इथे आहे. हा आकडा चहावाल्याला दोषी धरतो आणि ऑटोस्विचला निर्दोष सोडतो.

वास्तविक मोजायची रीत आपल्याच घरात आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१२ पासून मोठ्या कारखान्यांसाठी ‘पॅट’ नावाची योजना चालवली. पहिल्या फेरीत आठ उद्योगांतले ४७८ कारखाने होते. तिथे कुणाला जीडीपी विचारला नाही. टनामागे ऊर्जा किती, एवढंच विचारलं आणि ती किती घटवायची ते नेमून दिलं. ठरवलेल्यापेक्षा जास्त बचत झाली. सिमेंटचं पाहा. टनभर क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मूळ खडा, भाजायला लागणाऱ्या उष्णतेत भारतीय कारखाने जगातल्या उत्तम कारखान्यांच्या पंक्तीत बसतात आणि वीजकेंद्रांची राख मिसळून क्लिंकरही कमी वापरतात. आता तेच सिमेंट रुपयाने मोजा. साडेतीनशे-चारशे रुपयांच्या पोत्यामागे इतकी उष्णता, म्हणजे महाभयंकर! सॉफ्टवेअर कंपनीच्या शेजारी हा कारखाना राक्षस दिसतो. पण सॉफ्टवेअरवर कुणी स्लॅब ओतत नाही.

रुपयाच्या तराजूवर ज्यांचा फार विश्वास, त्यांनी युरोपकडे एकदा पाहावं. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खत अशा मालावर सीमेवरची कार्बन आकारणी प्रत्यक्ष लागू झाली. ती आकारणी न्याय्य आहे की नाही, यावर वेगळा लेख लिहावा लागेल. माझ्या मते ती पुरती न्याय्य नाही. पण मोजणी कशी आहे? एका टन मालामागे किती कार्बन बाहेर पडला, अशी. निर्यातदाराच्या देशाची जीडीपीमागची तीव्रता तिथल्या अर्जात कुठेच भरायची नसते. उपदेश करताना जीडीपी आणि पैसे वसूल करताना टन.

तेव्हा पुढच्या हंगामात वक्त्याने तक्ता आणायचाच असेल, तर तीन खांबांचा आणावा. टनभर सिमेंटला किती उष्णता, मीटरभर कापडाला किती वीज आणि शंभर फुटांवरून हजार लिटर पाणी उपसायला किती युनिटं. पहिल्या खांबाशी आपण ताठ उभे राहू. दुसऱ्याशी साधे माग की बिनधोट्याचे शटललेस माग, यावरून भांडू. तिसऱ्या खांबापाशी सभागृह चुकचुकलं, तर मीही चुकचुकेन.